तानुआक्काचा पाय

रहिमतपूरच्या दवाखान्यात नर्स म्हणून रुजू झाले, त्याच्या तिसऱ्याच दिवशी मी तानुआक्काशी कडाकडा भांडले. भांडले म्हणजे मी एकटीच भांडले. ती आपली घराच्या पायरीवर बसून आल्याच्या गड्ड्यांची माती काढत होती आणि माझ्या प्रत्येक वाक्याला "व्हय की" म्हणत होती. असल्या माणसाशी भांडण्यात काही राम नसतो.

झालं होतं ते असं. एक धिप्पाड गडी कंबर धरून, अर्धा वाकून दवाखान्यात आला होता. आमच्या डॉक्टरांनी त्याला तपासलं, मालिशचं औषध लिहून दिलं, चार दिवस ओझं उचलायचं नाही म्हणून बजावलं. मी बाटली भरून दिली. गडी "बरं, बरं" करत बाहेर पडला आणि घरी जायचं सोडून दवाखान्याच्या बुटक्या दगडी गडग्यापलीकडच्या अंगणात शिरला. बाटली नीट बाजूला ठेवली आणि सरळ पालथा पडला. घरातून एक उंच, हडकुळी, पंचेचाळिशीची बाई बाहेर आली. तांब्यातल्या पाण्यानं तिनं डावा पाय धुतला, पुसला, त्या पालथ्या माणसाला हात जोडले, आणि मग तोच पाय त्याच्या कंबरेवर ठेवून हलकासा हिसका दिला. असं तीनदा. गडी उठला, माती झटकली, हळूहळू सरळ झाला आणि माझी बाटली तिथंच विसरून चालता झाला.

माझं डोकंच फिरलं. पुण्याला तीन वर्षं घासून शिकून आलेली मी, आणि माझ्या नाकासमोर हा प्रकार!

"अहो, तुम्ही डॉक्टर आहात का?" मी गडग्यावरूनच ओरडले.

"न्हाई की."

"मग माणसांना लाथा कसल्या मारता? एखाद्याचा मणका मोडला म्हणजे?"

"लाथ न्हवं बाई, पाय लावती नुस्ता. म्या पायाळू हाय."

"आणि आमचं औषध कुठं गेलं?"

"ते बी चांगलं हाय की. वास लय झकास येतोय. त्याची बाटली हितंच ऱ्हायली बगा, घिऊन जा."

पायाळू म्हणजे काय हे मला कुणी शिकवायला नको होतं. मूल डोक्याऐवजी पायाकडून येतंय म्हटलं की आम्हा नर्सबायांची धावपळ उडते. पण तेच मूल जगलंवाचलं की गावाच्या लेखी ते खास माणूस होतं. पायाळूला जमिनीतलं पाणी कळतं म्हणतात. पायाळूला विजेचं भय असतं म्हणतात. आणि कुणाच्या पाठीत उसण भरली, म्हणजे वाकताउठता चमक निघून माणूस जिथल्या तिथं अडकला, तर पायाळूनं पाय लावला की ती उतरते म्हणतात. मी हे मानणार? लग्नाच्या दुसऱ्या वर्षी कपाळ पांढरं झालं तेव्हापासून मी कशालाच मानत नव्हते.

तक्रार घेऊन डॉक्टरांकडे गेले. आमचे डॉक्टर साठीला टेकलेले, तपकिरीचे भोक्ते, कशानंही न चिडणारे. त्यांनी चिमूट ओढली, शिंकले, आणि म्हणाले, "नर्सबाई, बहुतेक पाठी चार-आठ दिवसांत आपल्या आपण बऱ्या होतात. आपण मालिश दिलं तरी होतात, आक्कानं पाय लावला तरी होतात. स्नायू आखडलेला असतो, तो सुटतो. तिच्याकडून माणूस निदान हसत जातो."

"आणि ज्या पाठी बऱ्या होत नाहीत त्या?"

"त्या ती माझ्याकडे पाठवते. आजवर चुकलेली मी पाहिली नाही."

मला ते खरं वाटलं नाही. म्हटलं, बघूच. आणि बघायला काय, आमच्या औषधाच्या खिडकीतून तिचं सबंध अंगण दिसायचं.

बघता बघता एक गोष्ट कळली, की ही बाई पाय लावण्याआधी बराच वेळ नुसती बघत बसते. आलेल्या माणसाला ती आधी अंगणात चालायला लावायची. मग विचारायची, "कुठं दुखतंय? दाव." माणसानं सगळा पंजा कंबरेवर फिरवून "हितं, हितनं हितपत्तूर" असं दाखवलं की तिची मान हलायची. पण कुणी एकच बोट नेमकं मणक्यावर ठेवलं, की तिचा तांब्या तिथंच राहायचा. मग पुढचे सवाल. ताप येतो का, पायाला मुंग्या येतात का, निजल्यावर थांबतं का निजल्यावर जास्ती होतं. आणि उत्तर मनाजोगतं नसलं की म्हणायची, "ही माझ्या पायाची न्हाई. गडग्यापल्याड जा." तिच्या तोंडून हे वाक्य ऐकलं की भले भले गडी पांढरे पडायचे. आमच्या इंजेक्शनच्या सुईलाही कुणी एवढं भीत नव्हतं.

हे कुणी शिकवलं म्हणून मी एकदा विचारलं. म्हणाली, "शिकवायला कोन बसलंय बाई? पायाला कळतंय. उसणीची पाठ पायाखाली सैल पडती. उसण आली तशीच जाती. तिला फकस्त वाट दावायची."

ह्या कामाची सुरुवात कशी झाली तेही तिनंच सांगितलं. लग्न होऊन आली तेव्हा ती चौदा-पंधरा वर्षांची होती. पायाळू असल्याचं माहेरच्यांनी सांगितलेलं नव्हतं, पण पावसात ही झाडाखाली उभी राहत नाही यावरून सासूनं ताडलं. पुढं ऐन मळणीत सासऱ्याच्या पाठीत उसण भरली. ज्या सासऱ्यासमोर हिनं कधी मान वर केली नव्हती, त्याच्या अंगाला पाय लावायचा! ही दाराआड उभी राहून रडायलाच लागली. सासरा बापडा अंगणात पालथा पडून वाट बघतोय. शेवटी त्यानंच मान न वळवता हाक दिली, "अगं ये की पोरी! म्या डोळं मिटल्यात, तू बी मिट. म्हंजी झालं." हिनं खरंच डोळे मिटले आणि पाय हाणला तो शेजारच्या जोंधळ्याच्या पोत्यावर. सासरा तसाच पडून. जरा वेळानं म्हणतो, "का गं, मारलीस का न्हाई अजून?"

हे सांगताना आक्का तोंडाला पदर लावून इतकी हसायची की डोळ्यांतून पाणी यायचं. दुसऱ्या खेपेला पाय जागेवर पडला. सासरा उठला, आणि ही त्याच्या पायांवर डोकं ठेवून पुन्हा रडली. तेव्हापासून पाय लावण्याआधी हात जोडायची सवय लागली ती लागलीच. समोर पाटील असो, महार असो, शाळेतला मास्तर असो, नमस्कार चुकला नाही. आणि त्याबद्दल कुणाकडून सुपारीचं खांडसुद्धा तिनं कधी घेतलं नाही.

मी आले ती बेचाळीसच्या पुढची वर्षं. साताऱ्याच्या बाजूला तेव्हा पोलिसांना गावात कुणी उभं करत नव्हतं. अशात एक मिशाळ फौजदार भूमिगतांच्या मागावर घोडं पिटाळून पिटाळून पाठ धरून बसला. भर दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नाही असं बघून तो आक्काच्या अंगणात शिरला. मी खिडकीतच होते. आक्कानं त्याला चालवून पाहिलं, पंजा कुठं फिरतोय ते पाहिलं आणि म्हणाली, "पट्टा काडा."

"पट्ट्यात पिस्तूल आहे, बाई."

"मग ते बी काडा. लोखंडाशेजारी पाय न्हाई लावत म्या."

फौजदार आल्याच्या पोत्यांमागं, रस्त्यावरून दिसू नये असा, मिशा सांभाळत पालथा पडला. नमस्कार झाला, पाय झाला. तो गेला, आणि दिवेलागणीच्या आत सगळ्या गावात एकच बोंब: आक्कानं फौजदाराला लाथ हाणली! मी कुणाला सांगितलं नव्हतं हो. बरं, सांगितलं असेल एखाद्या बाईला. तालमीतली पोरं नारळ घेऊन आली, आक्काच्या पायाला हार घालायला निघाली. आक्का खवळली. "पालथं पडल्यालं माणूस हुतं त्ये. पालथ्या माणसाला कसली रं फौजदारी? चला, निगा!" म्हणून तिनं सगळ्यांना हुसकून लावलं. पोरं गेल्यावर गडग्यापाशी आली आणि हळूच मला म्हणाली, "कुनाला बोलू नगा बाई. तिसरी जराशी जोरात बसली."

माझ्यावरही वेळ आलीच. बैलगाडीतून आलेल्या एका अवघडलेल्या बाईला उतरवताना माझ्या कंबरेत अशी लचक भरली, की मी गडग्याला धरून काटकोनात उभी. डॉक्टर कोरेगावला गेलेले. आक्का समोर आली, माझ्याकडं निवांत बघितलं आणि विचारलं, "तुमची मालिशची बाटली आणू का, बाई?" त्या अवस्थेतही मला तिचा इतका राग आला! पण राग येऊन काय करते? तिच्या अंगणात पालथी पडले. उसण उतरली का नाही ते मी सांगणार नाही. दुसऱ्या दिवशी कामावर होते एवढं खरं. त्यानंतर मात्र मी तिच्याशी भांडायचं सोडून दिलं, आणि दुपारचा चहा तिच्याच पायरीवर होऊ लागला.

तिच्या घरात ती एकटीच. नवरा जाऊन सात-आठ वर्षं झाली होती. एकुलता एक मुलगा हणमंता पलटणीत. आल्याचं रान ती स्वतः बघायची. लढाई संपली आणि सगळ्यांची पोरं घरी यायला लागली, तशी ती रोज मला विचारायची, "बाई, आजच्या पेपरात पलटणीचं काय हाय?" पलटणीचं काही नसायचं. मी म्हणायची, "येतोय, येतोय."

आणि आला. चोवीस वर्षांचा, आईसारखाच उंच, हसरा. पलटणीत खेचरांवर सामान लादायचं काम करायचा. येताजाता मला कडक सलाम ठोकायचा आणि "नर्सबाई, एकदम फस्क्लास!" म्हणायचा. काय विचारलं ते न ऐकताच म्हणायचा. आक्काच्या पायाला त्या दिवसांत जमीन लागत नव्हती. स्थळंसुद्धा बघायला लागली होती ती.

थंडीत आल्याची काढणी सुरू झाली आणि हणमंताची पाठ दुखायला लागली. पोती उचलली असतील, म्हणाली आक्का. अंगणात त्याला पालथा घातला, पाय लावला. पोरगं उठलं आणि म्हणालं, "गेली, आये. एकदम फस्क्लास." महिन्यानं पुन्हा तेच. पुन्हा पाय लावला, पुन्हा गेली. त्याच्या पुढच्या महिन्यात तिसऱ्यांदा. तोवर तो बराच वाळला होता. आक्का म्हणायची, पलटणीतलं खाणं सुटलं म्हणून. मीही तेच म्हणत होते. रोज डोळ्यांसमोर असलेल्या माणसाकडं आपण धड बघत नाही, हेच खरं.

एका संध्याकाळी मी पायरीवर चहा पीत होते आणि तो अंगणात विडी पेटवत होता. हातातली काडेपेटी खाली पडली. आता पडलेली काडेपेटी माणूस कशी उचलतो? वाकतो आणि उचलतो. हणमंता वाकला नाही. पाठ बांबूसारखी ताठ ठेवून तो गुडघ्यांत बसला, काडेपेटी घेतली, आणि उठताना एक हात मांडीवर टेकत टेकत स्वतःला वर ढकललं. माझ्या हातातला कप मी खाली ठेवला. पुण्याला शिकताना आमच्या बाईंनी असाच एक मुलगा आम्हाला दाखवला होता, आणि हे विसरायचं नाही म्हणून दटावलं होतं.

"हणमंता, सदरा काढ," मी म्हटलं.

"आवं बाई, काय झालंय? एकदम फस्..."

"सदरा काढ म्हणते ना!"

पाठीच्या मध्यावर एक मणका बाहेर आला होता. फार नव्हे, सुपारीएवढा. मी त्यावर बोट ठेवलं आणि त्यानं ओठ चावला. संध्याकाळचा ताप महिनाभर येत होता. डाव्या पायाचं बोट चालताना खाली घासायचं. सगळं त्यानं तिथंच, उभ्या उभ्या कबूल केलं. आणि मग म्हणाला, "आयेला सांगू नगा."

"अरे, पण तू तिला तीनदा गेली म्हणून का सांगितलंस?"

"मग काय सांगू? अख्ख्या मुलखाची पाठ हिच्या पायानं बरी हुती, आन पोटच्या पोराची हुईना, आसं लोकांनी म्हणावं? तिचं नाव जाईल, बाई."

मला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली आणि रडूही आलं. एवढा मोठा लढाई बघून आलेला माणूस, आणि आईचं नाव जाऊ नये म्हणून आपली पाठ कुजवत बसला होता.

आक्का घरात आल्याचे गड्डे धूत होती. मी जाऊन सगळं सांगितलं, काही म्हणता काही झाकलं नाही. तिनं हात पाण्यातून काढले नाहीत. गड्डे चोळता चोळताच म्हणाली, "मला कळलं हुतं."

"काय कळलं होतं?"

"पैल्यांदा पाय ठिवला तवाच. पाठ सैल पडली न्हाई. लाकूड हुतं लाकूड. दुसऱ्या कुनाची असती तर म्या तितल्या तितं गडग्यापल्याड धाडला असता. पर त्यो गेली म्हनाला. मला बी तेच ऐकायचं हुतं, बाई. म्हनून अजून दोनदा लावला." आणि मग इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिचा आवाज चढला. "कुजल्याल्या हाडावर पाय दिला म्या! माझ्या पोराच्या!"

डॉक्टरांनी तपासलं. मणक्याचा क्षय. त्यांनी तिला समोर बसवून समजावलं, की पाठ म्हणजे एकावर एक रचलेले मणके, त्यांतून पायाकडं जाणारी दोरी आहे. एक मणका आतून भुसभुशीत झालाय. तो दबला की दोरी दबते, आणि दोरी दबली की पाय जातात.

"म्हंजी आल्याचा गड्डा भाईरनं बरा आन आतनं सडका, तसं?" आक्कानं विचारलं.

"अगदी तसं. आता त्याच्या पाठीवर कसलाही भार नको. मिरजेच्या मोठ्या दवाखान्यात नेऊन प्लास्टरमध्ये घालायचा. वर्ष, दीड वर्ष उताणा. उन्हं, दूध, अंडी. हाड भरलं तर उठेल."

"आन न्हाई भरलं तर?"

"तर पाय जातील, आक्का. मी खोटं सांगत नाही. आत्तासुद्धा नक्की सांगता येत नाही."

गावात ही बातमी फुटली आणि उपायांचा पाऊस पडला. एकानं सांगितलं, मणक्यावर डाग द्या. दुसऱ्यानं कराडचा एक हाड बसवणारा पैलवान सुचवला, तो म्हणे गुडघा लावून मणका आत ढकलतो. कुणी देवऋषी, कुणी पाल्याचा लेप. आक्का सगळ्यांचं ऐकून घ्यायची आणि "व्हय की" म्हणायची. मला वाटलं, झालं, आता ही पाघळणार. पण सगळे गेल्यावर तिनं शेजारच्या सुताराला बोलावलं आणि घराचं पुढचं दार बिजागरीतून काढायला सांगितलं.

त्या दारावर हणमंताला निजवून स्टेशनपर्यंत नेला. बैलगाडीत हादरे बसतील म्हणून आठ जणांनी दार खांद्यावर घेतलं. वाटेत खांदेकरी बदलत होते, पण दार कलतं झालं नाही. त्या सगळ्यांत असा एकही नव्हता ज्याच्या पाठीला आक्काचा पाय लागला नव्हता. आक्का पुढं चालत होती आणि रस्त्यातले दगड बाजूला सारत होती.

मिरजेला त्याला मानेपासून मांड्यांपर्यंत प्लास्टरच्या दोन फाकांच्या, सुटणाऱ्या साच्यात घातलं आणि पंधरवड्यानं घरी पाठवला. तेच दार दोन बाकांवर ठेवून त्याचा पलंग झाला. घराला दार राहिलं नाही, चौकटीत नुसतं गोणपाट लोंबायचं. मी म्हटलं, आक्का, चोरबीर येतील. म्हणाली, "येऊ द्यात. न्ह्यायाला हाय काय?" न्हाव्याकडचा एक आरसा आणून तिनं त्याच्या डोक्यावर असा तिरका बांधला, की पडल्या पडल्या रस्ता दिसावा. त्याच आरशात त्यानं पुढच्या पावसाळ्यात चावडीवर चढलेला झेंडा बघितला आणि उताण्यानंच सलाम केला.

पण हे झालं चांगल्या दिवसांचं. बहुतेक दिवस चांगले नव्हते. मिरजेहून आला तोवरच पाय हलायचे थांबले होते. मी रोज टाचणी टोचून बघायची, आणि रोज त्याला काही कळायचं नाही. त्याचं ते फस्क्लास कुठल्या कुठं गेलं. तो आईला एकच म्हणायचा, "आये, एकदा पाय लाव. एकदाच. म्या खोटं बोललो म्हनून गुण आला न्हाई. आता खरं सांगतो, आता यील."

"न्हाई," आक्का म्हणायची.

"सगळ्या गावाला लावतीस की!"

"न्हाई, बाळा."

आणि खरी गोष्ट अशी की ती गावालाही लावत नव्हती. त्याला घरी आणला त्याच दिवशी तिनं ते बंद केलं. उसणीनं कण्हत आलेल्या माणसाला ती दारातूनच परत फिरवायची. लोक रागावले. गर्व झाला म्हणाले, पायातला गुण गेला म्हणाले. "पोराचं जमलं न्हाई, आता कुनाचं जमतंय," असंही एकानं तोंडावर बोलून दाखवलं. ती "व्हय की" म्हणायची आणि आत वळायची. मी संतापून म्हटलं, आक्का, लावा की चार लोकांना, बंद करा त्यांची तोंडं. तुमचं काय जातंय त्यात?

"आत पोरगं ऐकतंय, बाई," ती म्हणाली. "तेला न्हाई म्हनायचं आन भाईर दुसऱ्याला लावायचा? तेला काय वाटंल?"

दिवसातून चार वेळा तिला मदतीला घेऊन त्याला कुशीवर करायचं, साच्याची मागची फाक सोडून पाठीची कातडी पुसायची, पावडर लावायची. एवढ्या महिन्यांत त्याच्या अंगाला एक फोड आला नाही. पुण्याच्या आमच्या बाईंनी ती निगा बघितली असती तर पदक दिलं असतं. आणि हे करताना त्याची पाठ तिच्या डोळ्यांसमोर असायची, आणि तो विनवत असायचा. मी असते तर एखाद्या दिवशी लावून मोकळी झाले असते. नुसता टेकवला असता, त्याच्या समाधानासाठी. आक्कानं तेवढंही केलं नाही.

नवव्या की दहाव्या महिन्यात मी टाचणी टोचली आणि हणमंता म्हणाला, "आगं आई गं." आक्का चुलीपाशी होती. तिथून तिनं विचारलं, "काय म्हनाला?" मी म्हटलं, शिवी घातली मला. ती चुलीपुढं बसून राहिली आणि भाकरी करपली.

चौदाव्या महिन्यात त्याला पुन्हा मिरजेला नेलं. रजा काढून मीही गेले. त्यानंतर लवकरच माझी बदली झाली, पुढं पुष्कळ गावं झाली, आणि आक्काची गाठ पुन्हा पडली नाही. पण तिची आठवण आली की मला तीच खोली दिसते, चुन्याच्या भिंतींची, खिडकीतून सकाळचं ऊन आलेली.

प्लास्टर काढलं. फोटो काढला होता, हाड भरलं होतं. पाठीत थोडा बाक कायमचा राहणार होता, पण तिथले डॉक्टर म्हणाले, उभा राहू दे. दोघांनी धरून त्याला उभा केला. काठीसारखे पाय, लटलट कापणारे. उभा राहिला खरा, पण पाऊल काही उचलेना. घामानं डबडबला. डॉक्टर म्हणाले, उचल, पाय चांगले आहेत तुझे. तो म्हणाला, "उचलत न्हाई. इसरलोय म्या." चौदा महिन्यांची भीती ती, ती काय अशी सांगून जाते? डॉक्टर म्हणाले, राहू द्या, उद्या बघू.

तेव्हा कोपऱ्यात उभी असलेली आक्का पुढं आली. तिनं धरणाऱ्या माणसांना बाजूला केलं, त्याच्यासमोर उभी राहिली आणि त्याचे दोन्ही हात आपल्या खांद्यांवर घेतले.

"ठेव पाय."

"कुठं?"

"माझ्या पायांवर."

"आये! पाय लागंल तुला!"

"लागू दे. ठेव."

त्यानं घाबरत घाबरत एक पाय सरकवून तिच्या पायावर ठेवला, मग दुसरा. लहान मुलाला चालायला शिकवतात तसं. आक्कानं एक पाय उचलून मागं टाकला, आणि त्याच्याबरोबर त्याचा पाय पुढं आला. मग दुसरा. ती मागं मागं सरत होती आणि तो तिच्यावर भार टाकून पुढं येत होता. एवढ्या उंच माणसाचा भार, पण तिचा तोल गेला नाही. ती खाली बघतच नव्हती. तिचं सगळं लक्ष त्याच्या तोंडाकडं होतं. मला समोरचं नीट दिसेना, मी पदरानं डोळे पुसले, आणि मग मला दिसलं, की तिची पावलं मोकळी पडतायत आणि तिच्यापुढं दुसरी दोन पावलं फरशीवर पडतायत.

"आये," हणमंता म्हणाला, "म्या खाली उतरलोय."

"गप," आक्का म्हणाली. "चाल."